ॲपमधली बेरीज बाजूला ठेवा: कार्डांच्या संग्रहाचा भाव नोंदवण्याची पद्धत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चारेकशे स्पोर्ट्स कार्डं आहेत, बास्केटबॉल आणि बेसबॉलची जास्त, थोडी हॉकीची. तीसेक ग्रेड होऊन (कंपनीने स्थिती तपासून दहापैकी गुण देऊन) स्लॅबमध्ये, म्हणजे सीलबंद प्लास्टिकच्या डबीत आलेली, बाकी सगळी रॉ, म्हणजे ग्रेड न केलेली. दोन ॲप्समध्ये सगळी स्कॅन केलीत आणि एकाने काढलेली एकूण किंमत दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट निघाली. आता कोणाचं खरं मानायचं आणि पुढे हा हिशेब ऑनलाइन कसा ठेवायचा?

दोघांचंही मानू नका, निदान बेरजेच्या बाबतीत. संग्रहाच्या बाबतीत ॲप जो आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात दाखवतं तोच सगळ्यात कमी कामाचा असतो. चारशे कार्डांच्या बेरजेत दहा कार्डांची ओळख चुकली की सगळं चित्र बदलतं. माझ्या अनुभवात असा दुपटीचा फरक भाव चुकल्यामुळे क्वचितच पडतो. बहुतेक वेळा कार्डच चुकीचं ओळखलेलं असतं.

तुमच्याकडे हॉकीची कार्डं आहेत म्हणून तिथलंच उदाहरण घेतो. वेन ग्रेट्स्कीचं रूकी, म्हणजे कारकिर्दीच्या सुरुवातीचं, कार्ड १९७९-८० च्या हंगामातलं. ते अमेरिकेत टॉप्सने छापलं आणि कॅनडात ओ-पी-चीने. दोन्हींत क्रमांक १८, फोटो तोच, निळी चौकट तीच. फरक कळतो तो कार्ड उलटं केल्यावर. ओ-पी-चीच्या मागे इंग्रजीबरोबर फ्रेंच मजकूर आहे, टॉप्सच्या मागे फक्त इंग्रजी. ओ-पी-चीचं पीएसए १० ग्रेडचं (पीएसए या ग्रेडिंग कंपनीचा सगळ्यात वरचा ग्रेड) कार्ड २०२१ मध्ये ३७ लाख ५० हजार डॉलरना गेलं. प्रत्येक ग्रेडला टॉप्सचं कार्ड त्याहून बरंच स्वस्त असतं. स्कॅन करणारं ॲप मात्र बहुतेक वेळा फक्त पुढची बाजू बघतं आणि दोहोंपैकी एक निवडून मोकळं होतं.

बास्केटबॉलमध्ये तीच गोष्ट मायकल जॉर्डनची. १९८६-८७ च्या फ्लीअर संचात त्याचं कार्ड आहे क्रमांक ५७, आणि त्याच संचाबरोबर आलेला स्टिकर आहे क्रमांक ८. '१९८६ फ्लीअर जॉर्डन' एवढंच लिहून शोधलंत तर दोन्हींच्या विक्री एकत्र समोर येतात. शिवाय नंतरच्या काळातली पुनर्मुद्रणं आणि नकला वेगळ्याच. नव्या कार्डांत पॅरललचा, म्हणजे त्याच कार्डाच्या वेगळ्या रंगाच्या किंवा चमकेच्या आवृत्त्यांचा, गोंधळ सगळ्यात मोठा. लेब्रॉन जेम्सचं २००३-०४ चं टॉप्स क्रोम क्रमांक १११ साधं असतं, रिफ्रॅक्टर (इंद्रधनुषी चमकेचं) असतं, ५०० प्रतींचं ब्लॅक रिफ्रॅक्टर असतं, ५० प्रतींचं गोल्ड असतं. त्याच हंगामातल्या टॉप्सच्या साध्या कागदी संचात त्याचा क्रमांक २२१. मोबाइलच्या कॅमेऱ्याला रिफ्रॅक्टरची चमक कधी दिसते, कधी दिव्याच्या उजेडात साध्या क्रोमवरही दिसते. तुमच्या दोन ॲप्सपैकी एकाने एखाद्या साध्या कार्डाला रिफ्रॅक्टर ठरवलं असेल तर अर्धा फरक तिथेच सापडेल.

म्हणून पहिलं काम: दोन्ही ॲप्सच्या याद्या किमतीनुसार उतरत्या क्रमाने लावा आणि वरची तीस-चाळीस कार्डं हातात घेऊन एकेक तपासा. वर्ष, कंपनी, संच, क्रमांक, पॅरलल, मर्यादित प्रतींच्या कार्डावर छापलेला अनुक्रम. ग्रेडेड असेल तर कंपनी, ग्रेड आणि लेबलवरचा सर्टिफिकेट क्रमांक. पीएसए, बेकेट, एसजीसी या सगळ्या ग्रेडिंग कंपन्यांच्या साइटवर हा क्रमांक टाकून कार्ड पडताळता येतं, आणि बऱ्याच स्लॅबचे फोटोही तिथे असतात. फोटोतलं कार्ड आणि हातातलं कार्ड जुळलं नाही तर भावाचा प्रश्न बाजूला ठेवून आधी स्लॅब खरा आहे का ते बघावं लागतं.

स्वतःची स्प्रेडशीट ठेवाच. ॲप कोणतंही वापरा, मूळ नोंद तुमच्या फाइलमध्ये असू द्या. ॲप्स बंद पडतात, एकमेकांत विलीन होतात, फुकट असलेली एक दिवस पैसे मागू लागतात. ॲप निवडताना मी पहिली गोष्ट बघतो ती यादी सीएसव्ही फाइलमध्ये (स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या) बाहेर काढता येते का. येत नसेल तर त्यात चारशे कार्डं भरण्याचे कष्ट घेऊ नका. फाइलमध्ये वर सांगितलेल्या ओळखीच्या रकान्यांशिवाय खरेदीची किंमत, खरेदीची तारीख, शेवटचा भाव, तो कोणत्या तारखेचा, आणि तो कशावरून काढला हे हवं. शेवटचा रकाना लोक गाळतात, आणि सहा महिन्यांनी 'हा १४० चा आकडा आला कुठून' म्हणून डोकं खाजवत बसतात.

आता भाव. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. विक्रेता ५०० मागतो म्हणून तुमचं कार्ड ५०० चं धरणं म्हणजे बाजारात तुरी तसलाच प्रकार. ईबेवर शोधताना 'सोल्ड' हा फिल्टर लावून झालेल्या विक्रीच बघा. तिथे साधारण गेल्या ९० दिवसांचं दिसतं. विक्रेत्याचं खातं असेल तर तिथल्याच टेरापीक या संशोधनाच्या साधनात तीन वर्षांपर्यंत मागे जाता येतं, आणि क्वचित विकल्या जाणाऱ्या कार्डांसाठी ते फार उपयोगी पडतं.

झालेल्या विक्रीतही खाचाखोचा आहेत. समजा तुमच्या एका पीएसए ९ कार्डाच्या दोन महिन्यांत पाच विक्री दिसल्या: ११८, १२४, १९०, ९६ आणि १२१ डॉलर. सरळ सरासरी काढलीत तर १३० च्या आसपास येते. आता प्रत्येक विक्री उघडून बघा. १९० च्या आकड्यावर काट मारलेली असेल, म्हणजे विक्रेत्याने 'बेस्ट ऑफर' स्वीकारली. ईबे तिथे मूळ मागणीच दाखवतं, खरी रक्कम दाखवत नाही. १३०पॉइंट या साइटवर ही स्वीकारलेली रक्कम शोधता येते. समजा तिथे १३१ निघाली. ९६ ची विक्री उघडलीत तर खेळाडूच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं, फोटो धूसर, लिलाव भल्या पहाटे संपलेला. तोही बाजाराचा खरा भाव नाही. मी अशा वेळी सरासरी न काढता पाची आकडे क्रमाने लावून मधला घेतो: १२१. एखादी विक्री विचित्र निघाली तरी मधला आकडा फारसा हलत नाही.

ग्रेडेड कार्डांत आणखी एक तपासणी फुकटात होते. विक्रीच्या फोटोत सर्टिफिकेट क्रमांक दिसतो. तोच क्रमांक दोन आठवड्यांत दोनदा 'सोल्ड' दिसला तर पहिल्या खरेदीदाराने बहुधा पैसेच दिले नाहीत. पहिला आकडा सोडून द्या. एकाच क्रमांकाचं कार्ड वारंवार चढ्या भावाने 'विकलं' जात असेल तर कोणीतरी आपल्याच मालावर बोली लावून भाव चढवत असण्याची शक्यताही धरा. स्वयंचलित आलेख काढणाऱ्या साधनांना यातलं बरंच काही कळत नाही.

शोधताना नको असलेले शब्द वजा करायला शिका. शोधाच्या शेवटी वजाचं चिन्ह लावून 'रिप्रिंट', 'लॉट' (एकगठ्ठा विक्री), 'ब्रेक' (पाकिटं फोडून कार्डं वाटून देणारी विक्री), 'कस्टम', 'डिजिटल' हे शब्द इंग्रजीत टाकले की निम्मा कचरा जातो. रॉ कार्ड शोधताना ग्रेडिंग कंपन्यांची नावंही वजा करा, कारण 'पीएसए १० मिळेल असं' म्हणून रॉ कार्ड विकणारे खंडीभर आहेत.

रॉ कार्डांबद्दल जरा जास्त सांगतो, कारण तुमच्या संग्रहाचा मोठा भाग तोच आहे आणि आकडे फुगतात तेही तिथेच. लोक रॉ कार्ड बघतात, कोपरे बरे दिसतात, आणि पीएसए ९ चा भाव लिहून मोकळे होतात. तसं करू नका. रॉ कार्डाला रॉ विक्रीचाच भाव, तोही फोटोत तुमच्यासारखीच स्थिती दिसणाऱ्या कार्डाचा. कार्ड भिंगाखाली धरून मध्यावर छपाई आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग बघा. बेकेटच्या स्लॅबवर नेमके हेच चार उपग्रेड असतात. पृष्ठभागावरच्या बारीक रेघा सरळ बघून दिसत नाहीत, दिव्याखाली कार्ड तिरकं करत न्यावं लागतं. क्रोम कार्डांत तर दहापैकी नऊ फोटोंत त्या दिसतच नाहीत, त्यामुळे विकताना खरेदीदार तेवढा धोका धरूनच बोली लावतो. ग्रेड करून आणलं तर किती, हा वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी वेगळा रकाना करा आणि त्यातून ग्रेडिंगची फी, दोन्ही बाजूंचं टपाल आणि १० ऐवजी ९ च येण्याचा धोका वजा करा. अलीकडच्या बऱ्याच कार्डांत पीएसए ९ चा भाव रॉ कार्ड अधिक ग्रेडिंगचा खर्च यापुढे फारसा जातच नाही. सगळा फायदा १० मध्ये असतो.

ग्रेडिंग कंपन्याही एकमेकांच्या जागी धरता येत नाहीत. पीएसए १०, बेकेट ९.५, एसजीसी १० आणि सीजीसी १० यांचे भाव त्याच कार्डासाठी वेगवेगळे असतात. बेकेटचं १० वेगळं आणि चारही उपग्रेड १० असलेलं ब्लॅक लेबल त्याहून कितीतरी वेगळं. एखादं साधन हे सगळं 'जेम मिंट' (जवळजवळ निर्दोष) म्हणून एकाच आलेखात घालत असेल तर तो आलेख फक्त बघायला छान.

लिलावगृहांचे विक्रमी आकडे वाचताना कमिशनचा भाग लक्षात घ्या. १९५२ च्या टॉप्स संचातलं मिकी मँटलचं क्रमांक ३११, एसजीसी ९.५ ग्रेडचं, ऑगस्ट २०२२ मध्ये हेरिटेजच्या लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं. हा आकडा खरेदीदाराकडून घेतलं जाणारं प्रीमियम धरून आहे. लिलावगृहांच्या बातम्यांत बहुतेक वेळा असाच आकडा असतो, म्हणजे खरेदीदाराच्या खिशातून गेलेला. ईबेवर असं प्रीमियम नाही, तिथे विक्रेत्याकडून कार्डांवर साधारण १३ टक्के जातात. त्यामुळे एका ठिकाणची १००० ची विक्री आणि दुसऱ्या ठिकाणची १००० ची विक्री विकणाऱ्याच्या हाती सारखे पैसे देत नाही.

तुमच्या फाइलमध्ये म्हणून दोन आकडे ठेवा: बाजारभाव आणि हाती येणारी रक्कम. वरच्या १२१ मधून १३ टक्के गेले की १०५ उरतात. पाकीट, कडक टॉपलोडर (कार्डाचं प्लास्टिकचं आवरण), मागोवा घेता येणारं टपाल मिळून पाच गेले की १००. विकण्याचा विचार करताना हा दुसरा आकडा बघायचा. विम्यासाठी उलट पहिला लागतो, कारण कार्ड हरवलं तर तेच कार्ड परत विकत घ्यायला किती लागतील हा तिथला प्रश्न असतो. हे दोन आकडे एकत्र कालवले की आपण श्रीमंत आहोत की नाही हेच कळेनासं होतं.

भावापेक्षा तारीख जास्त महत्त्वाची, हे माझं जरा हट्टाचं मत आहे. जॉर्डनच्या त्याच फ्लीअर ५७ ची पीएसए १० ग्रेडची दोन कार्डं जानेवारी २०२१ च्या शेवटी गोल्डिनच्या लिलावात प्रत्येकी ७ लाख ३८ हजार डॉलरना गेली. दीड वर्षाच्या आत तेच कार्ड त्याच ग्रेडला दोन लाखांच्या आसपास आलं होतं. कार्ड तेच, स्लॅब तोच. ज्यांनी त्या जानेवारीत फाइल भरली आणि नंतर फक्त बेरीज बघत राहिले, त्यांच्या कागदावर ती श्रीमंती बरेच दिवस टिकून होती. त्या काळात ग्रेडिंगसाठी इतकी कार्डं आली की पीएसएने मार्च २०२१ मध्ये बहुतेक सेवा तात्पुरत्या थांबवल्या. साचलेली कार्डं पुढे ग्रेड होऊन बाजारात आली, तेव्हा नव्या कार्डांच्या १० ग्रेडचा पुरवठा भराभर वाढला आणि भाव बसले.

म्हणून ग्रेडिंग कंपनीच्या पॉप्युलेशन रिपोर्टचाही एक रकाना करा: तुमच्या ग्रेडला किती कार्डं आहेत आणि त्याहून वर किती. १९८९ च्या अपर डेकमधलं केन ग्रिफी ज्युनियरचं क्रमांक १ सगळ्यांना माहीत आहे, पण त्याची पीएसए १० ग्रेडची कार्डंच हजारोंनी आहेत. आकडा एकदा बघून उपयोग नाही, तो किती वेगाने वाढतो ते बघा. सहा महिन्यांत ४० चे १२० झाले असतील तर जुन्या विक्रीवर विसंबू नका. मात्र हे आकडे थोडे फुगलेले असतात हेही धरा. लोक ९ चा स्लॅब फोडून वरच्या ग्रेडच्या आशेने कार्ड परत पाठवतात, आणि जुनं लेबल कंपनीला परत केलं नाही तर तेच कार्ड दोनदा मोजलं जातं.

१० किंवा २५ प्रतींच्या कार्डांची गत निराळी. वर्षवर्ष विक्रीच होत नाही, आणि झाली तर दोघा हट्टी माणसांनी भाव कुठच्या कुठे नेलेला असतो. इथे शेजारच्या कार्डांवरून अंदाज बांधावा लागतो. त्याच खेळाडूचं त्याच संचातलं ९९ प्रतींचं आणि ५० प्रतींचं कितीला गेलं, आणि त्याच दर्जाच्या दुसऱ्या खेळाडूच्या बाबतीत ५० वरून २५ वर जाताना भाव किती पट वाढतो, हे बघा. त्यातून एक आकडा येत नाही, पट्टा येतो. फाइलमध्ये पट्टाच लिहा, '६०० ते ९००' असा. ॲप तिथे ७४३.५० लिहील. त्या पन्नास सेंटांवर हसू येतं खरं, पण नवखी माणसं त्यावर विश्वास ठेवतात.

साधनांपैकी काय घ्यावं? स्कॅन करून पहिली यादी झटपट करायला कॉलएक्स किंवा ल्युडेक्स चालतील, ओळख मात्र वर सांगितल्याप्रमाणे तुम्ही तपासायची. ग्रेडेड कार्डांचे विक्रीचे आलेख बघायला कार्ड लॅडर आणि मार्केट मूव्हर्स आहेत, दोन्हींत उपयोगाचं बरंचसं पैसे भरूनच उघडतं. तीस स्लॅबसाठी वर्षभराची वर्गणी भरण्यात मला अर्थ दिसत नाही. विकायचं ठरवाल त्या महिन्यापुरती घ्या. कार्ड लॅडर आणि पीएसए यांची मालकी एकाच समूहाकडे आहे. त्यात गैर काही नाही, पण भाव सांगणारा आणि ग्रेड देणारा एका घरातले आहेत हे माहीत असलेलं बरं. कोणतंही साधन घ्या, आकड्यावर टिचकी मारल्यावर मूळ विक्री फोटोसकट दिसते का ते बघा. नुसता आकडा देऊन मागचं काही दाखवत नसेल तर ते सोडा.

किती वेळा भाव बघायचा हे कार्डावर ठरवा. वरची वीस महिन्यातून एकदा. मधली, म्हणजे वीस-तीस डॉलरपासून वरची, तीन महिन्यांतून एकदा. बाकी सगळी वर्षातून एकदा, तीही दरवर्षी त्याच महिन्यात, कारण खेळाचा हंगाम सुरू असताना त्या खेळाची कार्डं चढतात आणि संपल्यावर उतरतात. बास्केटबॉलचे भाव प्लेऑफच्या (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या) ऐन भरात बघून पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरशी ताडून बघितलेत तर कार्ड पडलं असं वाटेल, पडलेला असतो तो हंगाम. नवा भाव लिहिताना जुना पुसू नका, नवा रकाना करा. आणि महत्त्वाच्या विक्रीचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, ९० दिवसांनी ती लिंक उघडूनही बहुधा काही दिसणार नाही.

ॲपमधली प्रोफाइल खाजगी आहे ना तेही बघा, काहींमध्ये ती आपोआप सगळ्यांना दिसणारी असते. फाइलची आणि दोन्ही बाजूंच्या फोटोंची एक प्रत घराबाहेर किंवा क्लाउडवर हवी. विम्याचा दावा करायची वेळ आली तर सर्टिफिकेट क्रमांक आणि फोटो हेच पुरावे. घराच्या सर्वसाधारण विम्यात संग्रहाच्या वस्तूंवर बहुधा मर्यादा असते, ती पॉलिसीत वाचा.

राहिली ती खालची तीनशे कार्डं. त्यात बेसबॉलची १९८०च्या दशकाच्या शेवटापासून १९९०च्या सुरुवातीपर्यंतची बरीच असतील असा माझा अंदाज आहे. त्या वर्षांत कंपन्यांनी इतकी छपाई केली की बहुतेक साध्या कार्डांना आज टपालखर्चाइतकाही भाव नाही. ॲप त्यांना प्रत्येकी एक-दीड डॉलर लावतं आणि बेरजेत तीनशे ते साडेचारशे वाढवतं. पण दीड डॉलरला एकेक कार्ड विकायला बसलात तर पाकीट आणि तिकिटातच पैसे जातील. अशी कार्डं एकेक न लिहिता खोक्यावारी लिहा, 'बेसबॉल १९८७ ते १९९२, साधी, एक खोकं', आणि असंच मिश्र खोकं लॉट म्हणून कितीला जातं ते बघून तो एकच भाव लावा. त्यातून ग्रिफीसारखी मोजकी नावं वेगळी काढलीत की उरलेल्यांना एकेक स्कॅन करण्यात शनिवार-रविवार घालवायची गरज नाही.

हे करून दोन्ही ॲप्समध्ये वरची चाळीस दुरुस्त करा आणि मग बेरजा परत बघा. तरीही मोठा फरक राहिला तर दोन्हीकडे रॉ कार्डांना कोणती स्थिती गृहीत धरली आहे ते सेटिंगमध्ये तपासा. एकाने 'निअर मिंट' (जवळजवळ नवं) धरलं असेल आणि दुसऱ्याने सगळी जणू ग्रेडेडच आहेत असं धरून भाव लावले असतील.